तिसऱ्या ओळीतली रिकामी जागा

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा. केडगाव, माझ्या दुकानाची मागची खोली.
हजर : ढाकणे सर, शेखभाई, कांबळे सिस्टर आणि मी.
गैरहजर : कोणी नाही.
काम : उरलेल्या प्रतींवर पट्ट्या चिकटवणे.

आमच्या रविवारच्या बैठकीच्या वहीत ढाकणे सरांचं नाव ‘हजर’मध्ये आहे ते इथपर्यंत. पुढची पानं मी नेहमीप्रमाणे आखून ठेवली होती, ती तशीच आहेत.

माझं टायपिंग, झेरॉक्स आणि किरकोळ छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं. यादी केल्याशिवाय हे काम निभत नाही; एका घरची पत्रिका दुसऱ्याच्या पिशवीत गेली तर काय होतं ते मी एकदा भोगलं आहे. सर पहिल्यांदा आले ते निवृत्तीनंतर, चार ओळींची एक कविता टाईप करून घ्यायला. मी शहाणपणानं एका पानावर चार प्रती बसवल्या, कापून घेतल्या की झालं.

सरांनी पान हातात घेतलं, लांब धरलं. “ज्योतीबाई, एका पानावर एकच.”

“सर, बाकीचं पान कोरं जाईल ना.”

“जात नाही. तो कोरा भागही छापायचाच असतो.”

मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक विक्षिप्त आहे. पण चार पानं काढून दिली. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. माझ्या मागच्या खोलीत कागदाच्या रिमांवर बसायला जागा असते हे त्यांनी हेरलं आणि वर्षभरात तिथं रविवारची बैठक सुरू झाली. मी तिची चिटणीस कधी झाले ते मला कळलंच नाही. वही माझ्या हातात होती, एवढंच कारण.

सर उंच, किंचित वाकलेले. मूळचे पाथर्डीकडचे. चाळीसेक वर्षं मराठी शिकवलेलं. बायको गेल्यावर केडगावात दोन खोल्यांत एकटे राहायचे. खिशाला नेहमी पेन्सिल, पेन कधीच नाही. एकदा हिशेब तपासताना माझ्या हातात लाल पेन होतं, तेच मी पुढं केलं, तर त्यांनी ते बोटानं बाजूला सारलं. “ते नको.” एवढंच म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

त्यांच्या पिशवीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात चिंचोके. धुऊन, वाळवून, एकसारखे निवडलेले. बैठकीत एका वेळी एकच कविता घ्यायची आणि तीही चार-सहा ओळींचीच, हा नियम. आधी अर्थाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. “अर्थ बाहेर चपलांपाशी ठेवा, जाताना घालून जा,” असं ते दर नव्या माणसाला सांगायचे. मग ओळ मोठ्यानं म्हणायची आणि टेबलावर चिंचोके मांडायचे. ह्रस्व अक्षराला एक, दीर्घाला दोन. ओळीखाली ओळ. कविता चालते कशी, थांबते कुठं, ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दुसरा नियम : ‘छान’ म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांचा चहा करायचा. कांबळे सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स. दवाखान्यात त्यांचा दरारा, पण कवितेपुढं त्या विरघळतात. वर्षातले निम्मे चहा त्यांनीच केले.

“सर, मग म्हणायचं तरी काय?” एकदा त्या वैतागून म्हणाल्या.

“सिस्टर, पेशंटला बघून तुम्ही डॉक्टरांना काय सांगता? छान आहे?”

“नाही. ताप किती, नाडी किती.”

“तेच सांगा.”

नाडी बघायचीही त्यांची एक रीत होती. शब्द म्हणताना समोरच्याचं तोंड बघायला लावत. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना एकमेकांसमोर बसवून ‘कुलूप’ म्हणायला लावलं. दहादा. आम्ही हसायला लागलो. “हसा, पण ओठ बघा,” सर म्हणाले. “शेवटच्या अक्षराला काय होतं?” सिस्टर म्हणाल्या, “मिटतात.” सर खूश झाले. “लागलं की नाही कुलूप?”

एकदा माझ्या सासूबाईंनी घोटाळा केला. शनिवारी सर डबा खोलीतच विसरून गेले. सासूबाईंना वाटलं, मी खायला आणलेत. त्यांनी सगळे चिंचोके तव्यावर खरपूस भाजले, मीठ लावलं आणि शेजारणीसोबत दुपारभर चघळत बसल्या. रविवारी मी मान खाली घालून सरांना सांगितलं. सरांनी डब्यात उरलेले सात-आठ बघितले, एक तोंडात टाकला आणि आतल्या दाराकडं बघून ओरडले, “आजी, तुम्ही तर अख्खं वृत्त पचवलंत!” सासूबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी पुढच्या आठवड्यात गावाकडून नवे चिंचोके मागवून दिले.

सरांची दुकानातली आणखी एक हकीकत सांगते. नवऱ्या मुलाचे काका पत्रिका घेऊन आले होते. पत्रिकेत दोन ओळी हव्या होत्या. ‘तुमच्या येण्याने मांडव सजेल, आशीर्वादाने नवीन जोडी हसेल.’ सर शेजारी झेरॉक्ससाठी उभे. त्यांच्या बोटांनी काउंटरवर आपोआप ठेका धरला. मी खुणेनं नको म्हटलं, पण उशीर झाला होता.

“दुसरी ओळ लंगडते,” सर म्हणाले. “त्यातलं ‘नवीन’ काढा.”

काका तापले. “मास्तर, पत्रिका तुमच्या घरची हाय का आमच्या?”

“तुमचीच. पण वाचणार सगळं गाव. आणि लग्नात जोडी नवीनच असते हो, वेगळं कशाला सांगायचं?”

काकांनी दोन्ही ओळी मोठ्यानं म्हटल्या. मग ‘नवीन’ गाळून म्हटल्या. परत एकदा म्हटल्या. “काढा ताई ते नवीन,” मला म्हणाले, आणि जाताना सरांना पेढा देऊन गेले.

म्हणजे जास्तीचं काढणं आणि कमी असेल ते भरणं, हे सरांचं जन्माचं काम. एका ओळीनं मात्र त्यांना हरवलं होतं, आणि ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात त्यांनी चार ओळी लिहिल्या. कुणाच्या ते सांगितलं नाही.

दारी कुलूप काळं
चुलीत निजलं मांजर
आई वळली
धुळीत घुंगर घुंगर

“यात एक चूक आहे म्हणतात,” सर म्हणाले. “शोधा.”

आम्ही चिंचोके मांडले. ‘दारी’ला चार, ‘कुलूप’ला चार, ‘काळं’ला चार. बारा. दुसऱ्या ओळीतही चार-चार-चार, बारा. चौथीत तसंच. तिसरीत चार, चार आणि पुढं टेबलाचं लाकूड. सिस्टरांनी लगेच बोट ठेवलं. “इथं चार कमी.”

“हं,” सर म्हणाले. “चूक सापडली मग.”

शेखभाई लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवतात. शिकलेले पाचवीपर्यंत, पण कानाचे पक्के. ते दोन बोटांनी टेबलावर हळूच वाजवत होते. ओळीला तीन ठोके. तिसऱ्या ओळीला दोन ठोके आणि हात वर.

“सर, चूक कुठंय? खाली हाय ती.”

“म्हणजे?”

“रिकामी मात्रा. वाजवायची न्हाई, पन सोडायची बी न्हाई. हात वर ऱ्हातो, मनात मोजायची. ती भरली ना, तर फुडचा ठोका पडतो पन लागत न्हाई. तुमी ऐका.” आणि त्यांनी चारही ओळी तोंडानं म्हणत वाजवल्या. ‘आई वळली’ला हात वर गेला, थांबला, आणि मग ‘धुळीत’वर असा पडला की टेबलावरचे चिंचोके हलले.

सर म्हणाले, “परत.” शेखभाईंनी परत वाजवलं. सर पुन्हा म्हणाले, “परत.”

तिसऱ्यांदा झाल्यावर सरांनी टेबलावरचे चिंचोके एका हातानं ओढून डब्यात भरले आणि पिशवी उचलून निघून गेले. वहीत माझी नोंद आहे : ‘बैठक अर्धा तास आधी संपली. कारण समजले नाही.’

पुढच्या रविवारी ते आले, नेहमीसारखे. फक्त एक ठराव मांडला : आपण वाचलेल्या आणि आपल्या ओळखीच्यांनी लिहिलेल्या छोट्या कवितांची पुस्तिका काढू, प्रत्येक पानावर एकच कविता. मजकूर ते पाठवणार, छपाई माझ्याकडे.

मजकूर आला तो फोटोंतून. सरांनी पुतण्याकडून जुन्या कागदांचे फोटो काढून माझ्या मोबाईलवर पाठवले. त्यात ती कविताही होती, वहीच्या एका पानावर, कच्च्या अक्षरात. खाली ‘सुनंदा, इयत्ता सातवी’. आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी लाल शाईत, सरांच्या हस्ताक्षरात : ‘मागे’.

आता माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. तपासायला गेलेला कागद परत आला की त्यावर लाल शाईत जे असतं ते अंतिम. त्यावर विचार करायचा नाही, ते करायचं. मला वाटलं, शेखभाईंच्या बोलण्यानंतर सरांनी विचार करून ओळ पुरी केली असणार. फोटोत शाई कालची की तीस वर्षांपूर्वीची, कसं कळणार? विचारायला एक फोन पुरला असता. पण यादीत ‘शंका’ असा रकाना होता, त्यात ही ओळ मी लिहिलीच नाही, कारण मला शंका नव्हती; सर लाल पेनाला हात लावत नाहीत, हेही तेव्हा आठवलं नाही. मी ‘आई वळली मागे’ असं टाईप केलं, मात्रा मोजल्या, बारा भरल्या, आणि समोर बरोबरची खूण केली.

दिवाळीनंतर पुस्तिका छापून झाल्या आणि रविवारी सगळे बैठकीला जमले. सरांनी गठ्ठ्यातली वरची प्रत घेतली आणि थेट ते पान काढलं. बराच वेळ बघत राहिले. मी समजले, काहीतरी बिनसलंय.

“सर, काही चुकलं का?”

“चुकलं. पण तुमचं नाही, ज्योतीबाई. तुम्ही माझा हुकूम पाळलात. तिनंही पाळला होता.”

मग त्यांनी सांगितलं. रिमांवर बसून, पेन्सिल दोन्ही हातांत धरून, हळूहळू.

सुनंदा पाथर्डीच्याही पुढच्या एका वाडीतली. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ही शाळेच्या वसतिगृहात राहायची. एका सोमवारी तिनं निबंधाच्या वहीत मागच्या पानावर या चार ओळी लिहून दाखवल्या. सर तेव्हा तरुण होते, वृत्तांचं वेड डोक्यात. वाचून आनंदले, मोजलं, आणि लाल पेन काढलं.

“मी तिला म्हणालो, चार मात्रा कमी पडतात, ओळ पुरी कर. ती नुसती बघत राहिली. मग मीच ‘मागे’ लिहून दिलं. आणि वर पाच वेळा लिहून आण म्हणालो. आणलं तिनं. सुंदर अक्षरात. पाचही वेळा ‘मागे’.”

“मग?” सिस्टरांनी विचारलं.

“मग काही नाही. परत एक ओळ दाखवली नाही तिनं. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, ‘सर, मला मोजता येत न्हाई.’ पुढच्या वर्षी शाळाच सुटली तिची. लग्न झालं.”

सरांनी डबा उघडला, तिसऱ्या ओळीचे आठ चिंचोके मांडले आणि पुढच्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला.

“पहिल्या ओळीत बघा, ‘कुलूप’, ‘काळं’. टणक अक्षरं, ओठ मिटतात. घर बंद होतं. ‘आई वळली’ म्हणा. म्हणून बघा. कुठं काही अडत नाही. हवा नुसती बाहेर निघून जाते. आणि मग या इथं ती पोरगी उभी आहे. गप्प. कान देऊन. ती गप्प आहे म्हणून तर चौथ्या ओळीत घुंगर ऐकू येतं. मी तिथं शब्द कोंबला. ती बोलतच राहिली तर बैलांचं घुंगर तिला ऐकू कसं येणार?” ते थांबले. “शेखभाईंनी दोन बोटांत दाखवलं. कविता थांबते कुठं, हेच मी एवढी वर्षं वर्गात शिकवत होतो.”

शेखभाई ओशाळले. “सर, आमी वाजवनारी मानसं. तुमी मनाला लावून घेऊ नका.”

“लावून घेतो,” सर म्हणाले. “तिला सांगितलं पाहिजे. ओळ बरोबर होती. मला ऐकता आलं नाही.”

सगळी पुस्तिका पुन्हा छापू, असं मी म्हटलं. सरांना ते नको होतं. छापलेल्या ‘मागे’वर पांढऱ्या कागदाची पट्टी लावायची, प्रत्येक प्रतीवर, हातानं. म्हणून हिवाळ्यातले आमचे रविवार खळ आणि कात्रीत गेले. सिस्टर ड्रेसिंगच्या सफाईनं पट्ट्या लावत. शेखभाईंच्या जरा तिरप्या जात. सर प्रत्येक पट्टी अंगठ्यानं दाबत आणि पान उजेडात धरून बघत, खालचं दिसतंय का.

“आता कळलं का ज्योतीबाई,” एकदा म्हणाले, “कोरं कसं छापतात?”

एक प्रत मात्र त्यांनी तशीच ठेवली, ‘मागे’सकट. तिच्यासाठीची पट्टी स्वतः कापली, वाकडीच कापली गेली, आणि टाचणीनं त्या पानाला लावली. “ही मी तिच्यासमोर चिकटवणार. तिला बघू दे, कोण खोडतंय ते.”

डिसेंबरात ते एकदा जाऊन आले. भावाच्या गावात मुक्काम करून, विचारत विचारत, सुनंदाच्या सासरच्या वाडीवर पोचले. परत आल्यावर खोलीत शिरतानाच मी विचारलं, “भेटली?”

“दारी कुलूप काळं,” सर म्हणाले, आणि खाली बसले.

तीही नवऱ्यासोबत ऊसतोडीच्या टोळीत गेली होती. बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर आला, बाकी सगळं तेच. शेजारीण म्हणाली, पाडव्याच्या मागंपुढं येतील. मोबाईल नंबर मिळाला होता, पण सरांनी फोन केला नाही. फोनवर पट्टी चिकटत नाही, म्हणाले.

तर तो जानेवारीतला दुसरा रविवार. शेवटच्या प्रती झाल्या. सरांनी जाहीर केलं की थंडीत एकटं करमत नाही, पाडव्यापर्यंत भावाकडे राहतो, टोळी आली की भेटतो आणि परततो. चिंचोक्यांचा डबा माझ्याकडे ठेवला. “आजींपासून सांभाळा.”

मला नगरला कागद आणायचाच होता, म्हणून मी त्यांना बसस्टँडपर्यंत रिक्षानं सोडलं. पाथर्डीची गाडी लागलेलीच होती. ते खिडकीत बसले, पिशवी मांडीवर. मी खालून विचारलं, “प्रत घेतली? पट्टी? खळीची बाटली? गोळ्या?” ते प्रत्येकाला मान हलवत होते, जसं काही मी हजेरी घेतेय. मग त्यांनी खिडकीच्या गजावर बोटानं ठेका धरला. तीन ठोके. तीन ठोके. दोन, आणि बोट वर. माझ्याकडं बघून किंचित हसले. बोट वर होतं तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. चौथी ओळ मला ऐकू आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पुतण्याचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. टोळ्या तेव्हा कारखान्यावरच होत्या.

पुढं पुतण्या त्यांची पिशवी घेऊन दुकानात आला. आत प्रत होती, टाचणीला पट्टी तशीच. सुनंदाचा नंबर सरांच्या पेन्सिलीत मागच्या पानावर.

पाडवा होऊन गेला. टोळ्या परत आल्या, पुतण्यानं तसं कळवलं. सिस्टर म्हणतात, “तू फक्त वार सांग, मी रजा टाकते.” शेखभाई म्हणतात, लग्नसराई असली तरी सोमवार मोकळा असतो. मी कामं मागे ठेवणारी बाई नाही. पण दर सोमवारी नवी यादी करते आणि हे काम शेवटी लिहिते, कारण ती पट्टी सरांनी लावायची होती. मी लावली तर पुन्हा एकदा दुसऱ्याच कुणीतरी तिच्या ओळीला हात लावल्यासारखं होईल, असं वाटत राहतं. परवा शेखभाईंना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मग तिलाच लावू द्या की.”

हे मला सुचलं नव्हतं. आज यादीत ते मी पहिलं घेतलं आहे.

१. पाथर्डी. सुनंदाला प्रत देणे. पट्टी आणि खळ तिच्या हातात देणे. ओळ बरोबर होती, हे सांगणे.

पुढचा खुणेचा चौकोन अजून रिकामा आहे.